निजेच्या पोथीतलं कोरं पान

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर खाली कुणी माझी शाळा घ्यायला नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. इथल्या सगळ्यांचे भुताखेतांचे अनुभव मी आवडीनं वाचते, पण सकाळच्या चहाबरोबर आणि हसत हसत. पिंपळ, अमावास्या, पांढरी साडी... ती साडी मेली कधी मळत कशी नाही, हा माझा जुना प्रश्न आहे.

त्यातून माझा उद्योगच असा, की मी घाबरून चालणार नाही. पेणच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवत होते. रिटायर झाल्यापासून जुन्या पोथ्यांच्या नव्या आवृत्त्या तपासते. त्यातही माझ्या वाट्याला नेहमी मंत्रतंत्र, गारुड, शकुन, दृष्ट काढायचे विधी असंच सगळं येतं, कारण बाकीच्यांना ते घरात ठेवायला नको असतं. कुणीतरी अभ्यासक दोन-चार हस्तलिखितं जमवतो, एकमेकांशी ताडून बघतो, तळटीपा देतो, मोठी प्रस्तावना लिहितो. छापायच्या आधी प्रकाशन संस्था त्याचं प्रूफ मला पाठवते — बाई, छापायच्या लायकीचं आहे का सांगा. मी सांगते. बहुतेक वेळा ‘नाही’ असंच सांगते, त्यामुळे त्या वर्तुळात माझं नाव फारसं प्रेमानं घेतलं जात नाही.

मंत्र चालतो की नाही याच्याशी मला देणंघेणं नसतं. तळटीप चालते की नाही, एवढं मी बघते. आणि एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पोथीत जे नाही आणि संपादकानं स्वतःच्या डोक्यानं जुळवलंय, ते चौकटी कंसात टाकलंच पाहिजे. शेजारणीची भांडी आपल्यात मिसळू नयेत म्हणून आपण खूण करतो ना, तसंच ते. खूण नसेल तर ती आवृत्ती माझ्यापुरती संपली.

तर झालं असं... गेल्या पौषातली गोष्ट. आमचं घर पेणमध्ये, शेजारी गणपतीचा कारखाना. त्या दिवसांत तिथं रंग न दिलेले पांढरे गणपती अंगणभर वाळत असतात, आणि दुपारी इतकी शांतता असते की साच्यावर थाप मारलेली आमच्या ओटीवर ऐकू येते. त्या ओटीवर बसून मी कामं करते. समोरच्या आरामखुर्चीत आमचे हे पेपर घेऊन बसतात. सकाळी वाचून झालेला पेपर दुपारी पुन्हा का वाचतात हे मी विचारणं केव्हाच सोडून दिलंय. बोलणं म्हणाल तर ‘चहा?’ आणि ‘साखर कमी’ यापलीकडे आमची दुपार जात नाही.

त्या ओटीवर एक पार्सल आलं. संपादकाचं नाव वाचून मला आनंद झाला. हेमंत — माझा विद्यार्थी, आता रोह्याला कॉलेजात शिकवतो. हुशार, कष्टाळू, जरा हळवा. वडील लवकर गेले, आईनं झेडपीच्या शाळेत शिकवून वाढवलं. त्याचं हे पहिलंच मोठं काम, सहा-सात वर्षं त्यावर घालवलेली. पुस्तकाचं नाव ‘निजेची पोथी’.

ही पोथी काय, ते थोडक्यात सांगते. आमच्या खाडीपट्ट्यात आणि आतल्या भातशेतीच्या गावांत पूर्वी एक चाल होती. कुणाच्या घरात मरण झालं, कुणी खूप आजारी पडलं, आणि त्या माणसाची झोपच उडाली, तर तीन घरांना निरोप जायचा. एक घर जिते गावाच्या पुढं, खाडीकडचं. एक वडखळच्या अंगाला. तिसरं रोह्याकडचं. तिन्ही घरांनी यायला हवं. दोघांनी येऊन चालायचं नाही. पहिलं घर निजेचा भाग म्हणायचं, दुसरं घर स्वप्नातल्या वाटेचा, आणि मग तिसरं. कुठल्याच घरात पोथी पूर्ण ठेवायची नाही, असा दंडक. हेमंतला खाडीकडची पोथी मोडीत मिळाली, वडखळची बाळबोध म्हणजे देवनागरीत. दोन्हींत आपापला भाग, आणि शेवटी एक सबंध कोरं पान — कडेनं हळदीची बोटं उठवलेली, आणि त्याखाली एवढंच, की पुढलं तिसऱ्या घरी.

हेमंतनं तिन्ही भाग जुळवले होते. पहिल्यांदाच पोथी पूर्ण झाली होती. तिसऱ्या भागाखाली तळटीप होती — ‘तिसऱ्या घरी मिळालेल्या सुट्या पानावरून’.

मी पेन्सिल घेऊन बसले. प्रस्तावना चांगली, अगदी आटोपशीर. पहिला भाग ओबडधोबड, खाडीकाठच्या खाजणीतल्या चिखलाचा वास असलेला, जसा असायला हवा तसा.

‘नीज ये गो खाजणीची, वल्या पायान ये... दारी नको थांबू, उशाशी ये...’

दुसरा भागही तसाच. ‘दिसल ती वाट चाल, पुसल त्याला नाव नको सांगू.’ मी समासात दोन-तीन शंका लिहिल्या. तिसऱ्या भागाचं पान उलटलं... आणि मला झोप लागली.

दुपारची झोप लागणं यात काही भुताटकी नाही, मला ठाऊक आहे. जेवणात वालाचं बिरडं होतं. पण स्वप्न मात्र मला अजून स्वतःच्या घरासारखं लख्ख आठवतं.

ओहोटीची वेळ. पाणी खूप लांब गेलेलं, चिखल चकाकतोय. उजेड आहे, पण सूर्य कुठं आहे कळत नाही. बांधाला लागून एक सारवलेलं घर. आत गोधडीवर एक बाई भिंतीकडे तोंड करून निजलेली. उशाशी एक जण, पायाशी एक जण, दोघं आळीपाळीनं पोथी म्हणतायत — मी नुकतीच वाचलेली तीच, पण चालीवर. दाराजवळ पाटावर तिसरं कुणीतरी बसलंय. ते काही म्हणत नाही. मला वाटलं, याचा भाग अजून यायचा असेल. मग दोघं थांबले आणि माझ्या लक्षात आलं, माझ्या हातात प्रूफ आहे. मी आपली सवयीनं तिसरा भाग मोठ्यानं वाचायला लागले. माझ्या आवाजाबरोबर ती बाई उठली. रागानं नाही, घाबरून नाही. कुणी हाक मारल्यासारखी उठली, मागच्या दारानं बाहेर पडली आणि ओल्या चिखलावरून पाण्याच्या दिशेनं चालायला लागली. मी वाचत होते तोवर ती लांब लांब जात होती. पाटावरचं माणूस माझ्याकडे नुसतं बघत होतं.

डोळे उघडले तर समोर हे, पेपर मांडीवर.

“उठलीस? चहा?”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, फक्त बाई आणखी लांब गेलेली, ठिपक्याएवढी. मी मुद्दाम जेवण कमी केलं, पंखा लावला, खुर्ची सोडून पायरीवर बसले. पहिले दोन भाग वाचून तिसऱ्याचं पान उलटलं, की पापण्या जड व्हायच्या. आणि गंमत म्हणजे तिथं जायला मला आवडायला लागलं होतं. इतकी मऊ शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती. फक्त ती बाई चालायला लागली की ती शांतता नकोशी व्हायची.

जागेपणी मी तो तिसरा भाग भिंगाखाली घातल्यासारखा तपासला. शब्द त्या काळाचे, चाल बरोबर, बोलीसुद्धा त्या बाजूची. खरं सांगायचं तर पहिल्या दोन भागांपेक्षा सुंदर. बोट ठेवायला जागा नाही. आणि तरीही माझी पेन्सिल ‘मान्य’ म्हणून टिकमार्क करेना. आता अभिप्रायात काय लिहू — ‘सदर भाग वाचताना स्वप्नातली बाई उठून जाते, सबब अमान्य’? वेड्यांच्या इस्पितळात टाकतील मला. म्हणून मी कुणीही करेल ते केलं. हेमंतला फोन लावला आणि त्या सुट्या पानाचा फोटो मागितला.

“पाठवतो मॅडम... जरा दोन दिवस द्याल? आईचं बरं नाहीये.”

“काय झालं?”

“काही झालं नाहीये, तेच कळत नाही. झोपूनच असते. दोन आठवडे होत आले. उठवलं तर दोन घास खाते, हूं हूं करते, परत झोपते. रक्त तपासलं, साखर, मीठ, डोक्याचा स्कॅनसुद्धा केला. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात आता तोंडानं जात नाहीये तर नळी घालू. उद्या पनवेलला हलवायचंय. आणि मॅडम, या वयात एकदा नळी लागली, की...”

मी धीर दिला, फोन ठेवला. मग सहज आठवलं म्हणून परत लावला. “हेमंत, प्रूफं कुणाबरोबर तपासलीस?”

“आईबरोबर. नेहमीसारखी. तिनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, मी प्रूफावर बोट ठेवायचं. का हो?”

“काही नाही,” म्हटलं. आणि खरंच काही नव्हतं. पण तासाभरात मी वडखळवरून रोह्याला जाणाऱ्या एसटीत बसलेली होते. हेमंतला येतेय म्हणून कळवलं, आणि ह्यांना सांगितलं, विद्यार्थ्याच्या आईला बघून येते. ते म्हणाले, “स्वेटर घे.”

वडखळला नेहमीसारखी गाडी अडकली. नागोठणं मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताच्या खाचरांत वाल उभा होता, कुणीतरी कुठंतरी पोपटी लावली असावी, मडक्यात शेंगांवर घालतात त्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास गाडीत शिरला. खिडकीतून ऊन लागत होतं आणि मी स्वतःला बजावत होते, झोपायचं नाही. स्वतःचंच हसू येत होतं. मंत्राच्या पोथ्यांना आयुष्यभर लाल पेन्सिल लावलेली बाई मी, नि एसटीत चिमटे काढत बसले होते.

हेमंतचं घर कुंडलिका नदीपासून जवळच. दारात शेजारच्या एक काकू पातेलं घेऊन उभ्या होत्या, पेज आणली होती त्यांनी. मला बघून म्हणाल्या, “तुम्ही पेनच्या बाई ना? या. आजारी नाय हो ती, निजलीय निस्ती. काल मी हाका मारून दमले. लीला, उठ गो, म्हंटला, सांज झाली... हूं म्हणते नि परत तिकडंच.”

“तिकडंच म्हणजे?”

“आता झोपलेलं माणूस कुठं जातं, ते मला काय ठावं, बाय?”

आतल्या खोलीत लीलाताई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मी त्यांना त्याआधी कधीही पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. पण पाठ, खांद्यावर आलेली ती पांढरी वेणी, गोधडी पायात अडकवून घेण्याची ती तऱ्हा... मी दारातच थांबले. मला भीती वाटली. लपवण्यात काय अर्थ आहे? त्यांच्या उशाशी स्टुलावर प्रूफाची दुसरी प्रत उघडी पडली होती. तिसऱ्या भागाचं पान.

मी हेमंतला बाहेर नेलं. मागच्या पडवीत आम्ही दोघंच.

“पान दाखव.”

“मॅडम, आत्ता...”

“आत्ताच. त्या सुट्या पानाचा फोटो दाखव आणि मला पेणला जाऊ दे.”

तो खाली बघत राहिला. नोकरीतला माणूस, केस पिकायला लागलेले, आणि चेहरा मात्र परीक्षेत कॉपी सापडलेल्या पोरासारखा.

“पान नाहीये,” तो म्हणाला. “तिसऱ्या घरी काही मिळालंच नाही. त्यांनी आमच्याकडं पोथी नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं लपवतायत, किंवा जाळली असेल. दोन्ही पोथ्यांत कोरं पान होतं ना... कोरी जागा म्हणजे लेखनिकाला मजकूर मिळाला नाही, पुढं भरायला सोडली. आपल्यात तेच धरतात. मग मी भरली. सहा वर्षं मॅडम तीच भाषा डोक्यात होती. एका रात्रीत उतरली. इतकी नीट उतरली की... कंसात टाकायचं जिवावर आलं.”

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारच्या काकू पातेलं ठेवून निघून गेल्या, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. खोटी तळटीप! माझ्या हाताखाली शिकलेल्या माणसाची! राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाला, “अजून एक आहे. हसू नका. आई झोपून राहायला लागल्यावर मी तोच भाग रोज तिच्याजवळ बसून मोठ्यानं वाचतोय. शेवटचा भाग ना, म्हणजे उठवण्याचाच असणार... मीच लिहिलाय, मला ठाऊक आहे मी लिहिलाय, तरी वाचतो. दुसरं काय करू?”

मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढं चिखलावरून जाणारी ती ठिपक्याएवढी बाई आली आणि माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

मग मी त्याला माझं स्वप्न सांगितलं. सगळं, उशापायथ्याशी पोथी म्हणणाऱ्या दोघांपासून पाटावरच्या माणसापर्यंत. त्या मुलानं एकदाही मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाला, “पण मॅडम, तुम्हीही वाचलंत. तीन दिवस वाचलंत. मग तुम्ही कशा उठलात?”

कशी उठले? गजर नव्हता. कुणी हाक मारली नव्हती. डोळे उघडायचे तेव्हा समोर आमचे हे बसलेले असायचे, गप्प, जागे.

“त्या तिसऱ्या घरी फोन लाव,” मी म्हटलं.

तिसऱ्या घरातला आजचा माणूस कंपनीत कामाला. फोन स्पीकरवर होता, मागं मोटरसायकलींचा आवाज. “साहेब, शिफ्टला चाललोय, लवकर बोला.”

“तुमचे आजोबा त्या निजेच्या पोथीला जायचे ना,” मी विचारलं, “तिथं जाऊन ते काय म्हणायचे?”

“म्हनायचे काय नाय. पोथीबिथी नव्हती आमच्यात, साहेबांना तवाच सांगितला व्हता. आजा जायाचा नि पाट घेऊन बसायचा. निजलेला मानूस उठंपर्यंत बसायचा. आजी वरडायची, जेवून तरी जा म्हनून.”

“बसून काय करायचे?”

“काय करनार? जागा राह्यचा. एवढाच आमचा काम. बरं ठेवू का? पंचिंगला उशीर व्हईल.”

फोन बंद झाला. कोरं पान रिकामं नव्हतंच. लेखनिकानं कडेनं हळद लावून सांगितलं होतं, की इथं काही म्हणायचं नाही. आम्ही दोघं शिकलेले, आम्हाला कोरं पान दिसलं की हात शिवशिवतात.

मला यावर विश्वास ठेवायचा नव्हता. पण उद्या सकाळी गाडी येणार होती, आणि नुसतं बसायला काय जातं?

“जा,” मी म्हटलं. “ते प्रूफ बाहेर आण, फोन माझ्याकडे दे आणि आईजवळ जाऊन बस. वाचू नकोस, हाक मारू नकोस, रडायचं असेल तर आवाज न करता रड. झोपू मात्र नको.”

त्याच्या घरात पाट होता, देव्हाऱ्याजवळचा. तो घेऊन तो बसला. मी बाहेरच्या खोलीत, दारातून दिसेल अशी. दुपार उतरत होती. गल्लीत कुणाचा तरी रेडिओ, मग तोही बंद. पडद्यातून येणारा उजेड पिवळा होत गेला आणि मला कळेना की मी जागी आहे की नाही, कारण खोलीच्या फरशीवर ओल आल्यासारखी चमक दिसत होती, आणि खाडीचा खारट वास येत होता, रोह्यात, भर वस्तीत. मी डोळे चोळले. चमक गेली, वास राहिला. हेमंत हलला नव्हता. मला त्याच्याशी बोलावंसं वाटत होतं, काहीतरी समजावून सांगावंसं, विषय काढावासा... आयुष्यभर बडबड करून पोट भरलेली मी, मला गप्प बसणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. मी पदराचं टोक दातात धरून बसले.

दिवेलागणीच्या सुमाराला लीलाताई कुशीवर वळल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच आपणहून. भिंतीकडून आमच्याकडे. डोळे उघडे. त्यांनी बराच वेळ मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “कधीचा बसलायस रे असा? पायाला मुंग्या आल्या असतील.”

हेमंत पाटावरून उठूच शकला नाही. खरंच मुंग्या आल्या होत्या. तो तसाच सरकत गेला आणि आईच्या हातावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंची पेज गरम केली.

गाडी सकाळी रद्द केली. डॉक्टर म्हणाले, कधी कधी म्हाताऱ्या माणसांत असं होतं, विषाणू असेल, आपोआप गेला. असेल. मी तेही मानायला तयार आहे, कुणी मला त्या खारट वासाचा विषाणू दाखवावा फक्त. माझी स्वप्नं त्या दिवसापासून थांबली. पुढं मी ती पोथी पुन्हा दोनदा तपासली, काही झालं नाही, उलट समासातल्या दोन शंका मलाच चुकीच्या वाटल्या.

अभिप्राय लिहायला मला वेळ लागला. आवृत्ती मोलाची आहे, पहिले दोन भाग असे पुन्हा कुणाकडून होणार नाहीत, तिसरा भाग पूर्ण वगळावा, तिथं एक पान कोरं छापावं, असं लिहिलं. संस्थेतून फोन आला, “बाई, कोरं पान? लोक म्हणतील छपाईची चूक आहे.” म्हटलं, म्हणू द्या. त्याआधीच हेमंतनं त्यांना आपणहून पत्र लिहून तळटीप खोटी असल्याचं कळवलं होतं. पुस्तक लांबणीवर पडलंय, त्याच्या नावालाही थोडा धक्का बसलाय. त्याबद्दल तो एकदाही कुरकुरला नाही.

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. मी शोधलं, अजून शोधते. योगायोग म्हणावं तर म्हणा, मी भांडणार नाही.

होळीच्या आसपास लीलाताई आमच्याकडे पेणला आल्या होत्या, तब्येत छान, पापड घ्यायला म्हणून. ओटीवर बसलो होतो. मी बिचकत विचारलं, त्या दिवसांतलं तुम्हाला काही आठवतं का हो?

“फार नाय,” त्या म्हणाल्या. “चिखल होता नि मी चालत होते. मागून हेमंताचा आवाज यायचा, सारखा वाचत असायचा. इतका गोड वाचायचा की मला वाटायचं, थांबायला नको, पुढं काय आहे ते ऐकू... नि पाय पुढंच जायचे. मग एकदा तो गप्प झाला. किती बरं वाटलं म्हणून सांगू. वळून पाहिलं तर घर दिसलं.”